हातात काहीच दिलं नाही

ये गं, अशी जवळ येऊन बस. उंबऱ्यात उभं राहून, एक डोळा मोबाइलवर ठेवून मोठ्या माणसाला कुणी काही विचारतं का? परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, तू दवाखान्यात नुसतं भाषांतरच करतेस ना?" त्या ‘नुसतं’पायी त्या दिवशी मला जेवण गोड लागलं नाही. आता लिहितानासुद्धा तुला समोर बसवूनच लिहिते आहे, तेव्हा पाय आवरून बस आणि मध्ये बोलू नकोस.

आपलं घर सीमेकडचं. घरात कन्नड, बाजारात मराठी. तुझ्या बापानं पुण्याला जाऊन तुला कन्नडातनं पाणी मागायलासुद्धा शिकवलं नाही, त्याचं आणि माझं ते भांडण वेगळं. मी लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा चार यत्ता शिकले होते, त्याही कन्नडात. मराठी वाचायला शिकले ती सासऱ्यांच्या भुसारी दुकानात, पुड्या बांधता बांधता. रद्दीतली बातमी अर्धी वाचून व्हायची, तोवर उरलेली अर्धी गिऱ्हाइकाबरोबर शेंगदाणे घेऊन निघून जायची. जगातल्या पुष्कळ गोष्टींचा शेवट मला अजून ठाऊक नाही तो त्यामुळंच.

दवाखान्यात गेले तीही ठरवून नाही. शेजारची एक बाई घेऊन गेले होते, तिला मराठी येत नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि जाताना माझा नंबर घेतला. तेव्हापासून फोन येतो, "मावशी, जरा येता का?" मी पदर खोचते आणि जाते. शिरोळकडच्या, त्याच्याही पलीकडच्या बायका येतात. त्यांना मराठी येत नाही असं नाही. वांग्याचा भाव पाडायचा असला तर अस्सल मराठीत पाडतील. पण कमरेखालचं दुखणं आलं की जीभ आईच्या भाषेत जाते. तिथं परकी भाषा म्हणजे परका माणूस.

माझे नियम पहिल्या दिवसापासून ठरलेले. माझी खुर्ची डॉक्टरांच्या शेजारी ठेवायची नाही, बाईच्या शेजारी ठेवायची. आणि खोलीत जे बोललं जाईल ते सगळं मी सांगणार. ‘हे तिला सांगू नका’ असं माझ्यासमोर कुणी म्हणालं तर तेही मी तिला सांगते. सुरुवातीला दोघा-तिघांनी मला शिव्या घातल्या. मी त्याही सांगितल्या.

आता ज्या पोरीचं सांगते तिच्या गावाचं नाव विचारू नकोस. शिरोळ तालुक्यात, नदीच्या अंगाला, एवढं पुरे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. उलट्यांनी पार वाळलेली, पोट मात्र महिन्यांच्या मानानं मोठं. आणि दोन-चार दिवसांपासून रक्त जात होतं. बरोबर सासू. उंच, कपाळाला इबित म्हणजे भस्म, गळ्यात आपल्यासारखीच लिंगाची चांदीची डबी, बसायची ती पाठ ताठ ठेवून. दोघींचं बोलणं कन्नडातलं, ते मी इथं आपल्या कोल्हापुरी मराठीत लिहिते, जिच्यात बायकाही ‘मी आलो, मी बसतो’ म्हणतात, नाहीतर तुला कळायचं नाही.

डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी बघितली आणि दोघींना आत ठेवून मला दाराबाहेर बोलावलं.

"मावशी, ह्याला आम्ही द्राक्षगर्भ म्हणतो. ह्यात बाळ तयारच झालेलं नाही. नुसते द्राक्षाच्या घोसासारखे फुगे वाढलेत. पिशवी आजच रिकामी करायला लागेल. नंतर दर आठवड्याला रक्त तपासायचं, आणि निदान वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत. जमीन पड ठेवतात ना, तसं सांगा त्यांना. शेतकऱ्यांना पटतं."

मी म्हटलं, "जमिनीचं मी सांगणार नाही."

"का हो?"

"पड राहिलेल्या जमिनीचं काय होतं? कुणीतरी म्हणतं, ही विका आणि दुसरी बघा. नवी सून आहे ती. सासूच्या डोक्यात मी कशाला घालू?"

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बरं, तुमच्या पद्धतीनं सांगा. पण काही गाळू नका."

द्राक्षंही मी बाजूला ठेवली. आपल्यात ओटीत फळ घालतात. पोटात द्राक्षं झालीत म्हटलं तर त्या दोघींना ते अशुभ वाटेल का शुभ, कोण जाणे. आत येऊन मी म्हटलं, पाण्याचे फोड. बाळ धरलंच नाही, त्याच्याऐवजी पाण्याचे फोड वाढले, ते काढायला पाहिजेत, नाहीतर रक्त जाऊन जीव जाईल. हळू सांगितलं. एकेक वाक्य सांगून थांबत गेले.

पोरीनं एकच विचारलं. "कायच नव्हतं आत?"

"बाळ नव्हतं."

"मग मी रोज कुणाशी बोलत होतो?"

मी तेही डॉक्टरीणबाईंना मराठीत सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि तिच्या हातावर हात ठेवला. त्याला भाषांतर लागलं नाही.

सासूनं काहीच विचारलं नाही. मान हलवली. मान हलवण्याचं भाषांतर मला येत नाही, आणि कुणाला येतं असं वाटतही नाही.

त्याच दिवशी पिशवी रिकामी केली, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पहिले काही आठवडे दोघी रक्त तपासायला आल्या. मग एकदा आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यालाही आल्या नाहीत. फोन लावला तर बंद.

डॉक्टरीणबाईंनी मला बोलावून घेतलं. दार लावलं. म्हणाल्या, "मावशी, तो रक्तातला आकडा दर वेळी खाली यायला पाहिजे. शेवटच्या वेळी तो खाली आला नाही. आत कुठं कण राहिला असेल तर तो वाढतो, फुप्फुसातसुद्धा जातो. वेळेवर इंजेक्शनं दिली तर बरी होते, अगदी पूर्ण बरी होते. पण वेळेवर. मी गावातल्या आशाताईंना पाठवू शकते, पण दवाखान्याची बाई दारात दिसली की गल्ली गोळा होते. तुम्ही पावणी म्हणून जाता का?"

"जाते की."

"आणि खोकला आहे का ते बघा."

हे शेवटचं त्या अगदी सहज बोलल्या. पण मी डॉक्टरांच्या शेजारी पुष्कळ बसलेली बाई. सहज बोललेलं कोणतं आणि सहज बोलल्यासारखं केलेलं कोणतं, तेवढं मला कळतं.

जयसिंगपूरपर्यंत एसटी, पुढं वडापची जीप. हंगामाचे दिवस. पुढं उसाच्या ट्रॉल्या, एकामागं एक, आणि आमची जीप त्यांच्या शेपटाला. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, कशापायी तळमळ करताय? लग्नाला निघालाय काय?" मी म्हटलं, "व्हय, नवरी वाट बघती." जीपमधले हसले. माझ्या मात्र सारखं मनात, ती खोकत नसू दे.

गावात उतरले तर पारावरनं हाक आलीच. "पावणं, कुणाकडं?" मी घर सांगितलं आणि पुढच्या प्रश्नाच्या आधी म्हटलं, "लांबची मावशी लागतो." खोटं म्हणशील तर खोटं. पण तिथं मी दवाखान्याचं बोलणं सांगत नव्हते, तेव्हा नियम मोडला असं मी धरत नाही.

घराजवळ आले. पुढं अंगण, दावणीला म्हशी, सोप्यात नव्या फरश्या. दारात पोचायच्या आधी आतनं खोकला ऐकू आला. कोरडा, बारीक, बाईमाणसाचा. मी तरी कडी वाजवली.

सासू बाहेर आली आणि मला बघून तिचा चेहरा फुलला. मला वाटलं होतं तोंड फिरवेल, दार लावून घेईल. तसं झालं असतं तर मला पुढं काय करायचं ते सुचलं असतं. तिच्या आनंदाची मला भीती वाटली.

"या अक्का, या. आज बरी वाट चुकली. अगं, पाणी आण, मावशी आल्यात."

पोरगी पाणी घेऊन आली. मनगटापासून वरपर्यंत हिरवा चुडा. केसात गजरा. चेहरा पांढरा पडलेला, आणि त्या पांढऱ्या चेहऱ्यावर हसू. तांब्या देताना बांगड्या वाजल्या आणि ती लाजली.

"सोमवारी कुबसा हाय," सासू म्हणाली. कुबसा म्हणजे आपल्याकडचं डोहाळजेवण. "गल्लीत सांगून झालंय. तुम्ही पण यायचंच. आणि त्या डॉक्टरणीला सांगा, तुमचं मशीन चुकलं म्हणावं. आमचा काय राग न्हाय. माणूस चुकतंय, मशीन चुकतंय."

मला हाताला धरून तिनं देवघरात नेलं. देवापुढं तांब्याचं ताम्हण, त्यात इबित, एक जास्वंद, आणि फुलाच्या शेजारी ती पट्टी. मेडिकलमध्ये मिळते ती, लघवीची. तिच्यावर दोन रेघा.

"एकदा न्हाय, परत परत केली. दर वेळी दोन. शेजारणीच्या सुनेला आल्या तशाच. तिचं बाळ बघा आता दारात रांगतंय."

पट्टी खोटं बोलत नव्हती, हीच अडचण. डॉक्टरीणबाईंनी मला सांगून ठेवलं होतं की ह्या आजारात ती पट्टी महिना-महिना दोन रेघा दाखवते, बाळ नसताना. आकडा उतरला की दुसरी रेघ जाते. ती गेली नव्हती, त्यासाठीच तर मी आले होते. त्या घरातला आनंद आणि माझी भीती एकाच रेघेवर उभी होती.

सोप्यात परत आलो. मी पोरीला म्हटलं, तू माझ्याजवळ बस. सासूला म्हटलं, तुम्हीही बसा, मला बोलायचंय. तिचा लेक बाहेर म्हशीला पेंड घालत होता, त्याचा हात थांबला.

"अक्का, त्या दिवशी पिशवी रिकामी केली. तुम्ही दारात होता."

"दारात होतो म्हणूनच म्हंतो. काय आलं बाहेर? मला दाखवलं? माझ्या हातात दिलं?"

तिनं दोन्ही रिकामे तळवे माझ्यापुढं धरले.

"माझं दुसरं पोर सातव्या महिन्यात गेलं, अक्का. सरकारी दवाखान्यात. तिथल्या बाईनं फडक्यात गुंडाळून माझ्या सासूच्या हातात दिलं. आम्ही मळ्यात नेऊन पुरलं. बाळंतपण झालं तर वार देत्यात, ती परड्यात पुरतो. जे अंगातनं आलं ते घरच्या मातीत गेलं पायजे. हितं काय दिलं? रिकाम्या हातानं गाडीत बसवलं. मी तवाच म्हटलं, ह्यांनी काय काढलंच न्हाय. काढलं असतं तर दिलं नसतं व्हय?"

दवाखान्यातली ती हललेली मान मला आत्ता कळली. ती बाई अडाणी नव्हती आणि हट्टीही नव्हती. तिच्या बाजूनं सगळं नीट जुळत होतं. बाहेर काही आलं नाही, आणि पट्टी म्हणते आत आहे. देवानं राखलं, ह्यापलीकडं कुणी काय समजणार? आम्ही तिला आजार सांगितला, रक्त तपासायचं सांगितलं, वर्षभराचं सांगितलं. काढलं ते कुठं गेलं, हे तिनं विचारलं नाही आणि आमच्याकडं ते सांगायची पद्धतच नव्हती.

बाहेर म्हैस दाव्याला हिसके देत होती. माझ्या मनात आलं ते बोलावं की नको असं झालं. सुनेला म्हशीच्या पंगतीला बसवलं असं व्हायला नको. म्हणून मी विचारलंच फक्त.

"अक्का, बाळंतपणात वार आत राहिली तर काय होतं?"

"काय होतंय म्हंजे? बाई हातची जाती. गेल्या साली ह्या म्हशीची ऱ्हायली ती. डॉक्टरनं हात घालून काढली, तरी थोडी ऱ्हायलीच आत. ताप उतरंना, दूध गेलं, मरता मरता वाचली." आणि मग तिचं तिलाच काही वाटलं. "का वो?"

"ही पट्टी बाळ बघत न्हाय. वार रक्तात जे सोडती तेवढंच बघती. वार दिसली की दोन रेघा. तुमच्या सुनेच्या पोटात बाळाशिवाय नुसती वारच वाढली ती. फुगून, फोड येऊन. ती काढली. पण रक्त सांगतंय, कुठंतरी कण ऱ्हायलाय, आणि त्यो वाढाय लागलाय."

"बाळाशिवाय वार?"

"होती कधीकधी. कुणाच्या करणीनं न्हाय, हिनं काय खाल्लं-प्यालं त्यानं न्हाय, तुमच्याकडनं काय कमी पडलं म्हणून न्हाय. होती."

ती देवघराकडं, पट्टीच्या दिशेनं वळली. मग सासूनं तो प्रश्न विचारला, ज्याची मी वाट बघत होते आणि जो येऊ नये असंही मला वाटत होतं.

"मग काढलेली कुठाय?"

मला ठाऊक होतं. आधी बाटलीत घालून तपासायला जाते. उरलेलं दवाखान्याच्या पिवळ्या पिशवीतनं गाडीत जातं आणि भट्टीत जळतं. आपल्या लिंगायतांत माणूस जाळत नाहीत, तुला माहीत आहे. मातीत बसवतात. मला एवढंच म्हणायचं होतं की ‘तिथंच मागं पुरली, अक्का.’ एवढ्या एका वाक्यावर ती उठून चपला घालून माझ्याबरोबर आली असती. जिभेवर आलं होतं ते. पण पोरगी माझ्या तोंडाकडं बघत होती. पुढं वर्षभर मी जे सांगणार ते तिनं खरं मानायचं, इंजेक्शनं टोचून घ्यायची, वाट बघायची. त्याची सुरुवात मी कशानं करू?

"तपासायला नेली. रोग हाय का बघायला. उरलेली दवाखान्याच्या नियमानं..." माझा आवाज खाली गेला. "जाळत्यात, अक्का."

ती उभी राहिली.

"उठा."

मी उठले नाही.

"आमच्या घरातलं जाळून आलाय आणि आमच्याच घरात पाणी पिताय? उठा म्हंतो मी."

"त्यात बाळ असतं तर तुमच्या हातात दिलं असतं. नसतं दिलं तर मी भांडलो असतो. पण त्यात बाळ नव्हतं. मी उठतो, पण हिला घेऊन उठतो."

"हिला न्यायला तुम्ही कोण?"

मी खरंच कोण? बाहेर लेक म्हशीजवळ तसाच उभा, हातात पेंडीची पाटी. तेवढ्यात पोरगी खोकली, आणि खोकला थांबल्यावर जमिनीकडं बघून म्हणाली,

"अत्ती, मला रक्त जातंय."

सासू वळली. "कवापासनं?"

"थांबलंच नव्हतं. मधीच थोडं, मधीच जास्त. तुम्ही एवढं सगळं करत होता, मग सांगितलं न्हाय."

"मला न्हाय सांगितलंस?"

"बांगड्या भरल्या त्या दिवशी सांगणार होतो. तुम्ही पयल्यांदा माझ्या केसात गजरा माळला, मग मला सांगवंना."

ती बाई खाली बसली. ताठ पाठ पहिल्यांदा वाकलेली बघितली मी. लेक आत आला. पाटी हातातच होती. त्यानं आईकडं बघितलं नाही, बायकोकडंही नाही. मला विचारलं,

"ती जगंल न्हवं?"

"वेळेवर इंजेक्शनं दिली तर पूर्ण बरी होती असं डॉक्टर म्हणाल्यात. त्या जेवढं म्हणाल्या तेवढंच सांगतो. माझ्या पदरचं घालत न्हाय."

"मग आत्ताच गाडी बघतो," तो म्हणाला, आणि आईच्या होकाराची वाट न बघता फोन काढला.

सासू देवघरात गेली. ताम्हणातली पट्टी उचलली, आपल्या एका जुन्या खणाचा तुकडा फाडून त्यात गुंडाळली आणि मागच्या दारानं परड्यात गेली. खुरप्याचा आवाज येत राहिला. पोरगी उठायला लागली, मी तिला धरून बसवलं. बऱ्याच वेळानं सासू आली ती हात धुऊनच. पोरगी तोवर चुडा उतरवायला लागली होती. सासूनं तिचं मनगट धरलं.

"असूदेत. बांगड्या सुनेच्या हातात असत्यात. त्याला काय कारण लागतंय?"

गाडी येईतो मी लेकाला अंगणात गाठलं. वर्षभर दिवस राहू द्यायचे नाहीत, हे त्याला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, आणि तिथं पुरुषमाणूस कोण होता सांगणारा? दिवस राहिले तर रक्तातला आकडा वाढतो, मग तो रोगाचा की बाळाचा हे डॉक्टरांनाही कळत नाही. तेवढ्यासाठी थांबायचं. गोळ्या तिला डॉक्टर सांगतील, निरोध त्यानं वापरायचा. मी हे सगळं म्हशीकडं बघत सांगितलं आणि त्यानंही म्हशीकडं बघत ऐकलं. म्हैस मात्र आम्हा दोघांकडं बघत होती. शेवटी तो म्हणाला, "कळलं, मावशी." आणि मग, "वर्ष काय लई न्हवं." त्या एका वाक्यासाठी मी त्याला अजून मनातल्या मनात जेवू घालते.

कोल्हापूरपर्यंत ट्रॉल्या आडव्या येत होत्या आणि ती खोकली की सासूचा हात तिच्या पाठीवर जायचा.

आकडा वाढला होता. छातीचा फोटो काढला. तो येईपर्यंत सासू आणि मी बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो, ती माझ्याशी अबोला धरून, आणि तरी माझ्या पदराचं टोक तिच्या मुठीत. फोटो स्वच्छ आला. खोकला घराशेजारच्या गुऱ्हाळाच्या धुरानं. बाकीचं मात्र खरं होतं. इंजेक्शनं सुरू झाली. काही महिने येणं-जाणं, तोंड येणं, मळमळ. सासू प्रत्येक वेळी बरोबर. माझ्याशी बोलायला तिनं वेळ घेतला. एक दिवस घरचं तूप आणून न बोलता माझ्या पिशवीत ठेवलं, तेव्हा मी समजले.

डॉक्टरीणबाईंना मी सगळं सांगितलं होतं, जाळण्यापासून परड्यातल्या खुरप्यापर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नियम मला बदलता येत नाही, मावशी. तपासणी करायलाच पाहिजे. पण आधी सांगता येतं." आता पिशवी रिकामी करायच्या आधी त्या स्वतः विचारतात, बघायचंय का, आणि कुठं जाणार तेही सांगतात. मी ते कन्नडात सांगते. कुणी रडतं, कुणी नको म्हणतं. एक बाई मला रागानं म्हणाली, हे कशाला सांगता? मी तेही बाईंना सांगितलं.

आकडा उतरला. पट्टीवरची दुसरी रेघ गेली. वर्षाची मोजणी त्यानंतर सुरू होते, ती अजून संपलेली नाही. बाळ होईल का, तर डॉक्टर म्हणतात बहुतेकींना होतं. बहुतेकींना, हा शब्द मी जसाच्या तसा सांगितला, सगळ्यांना असा केला नाही.

आणि परवा, तुझा फोन येऊन गेला त्यानंतर, तिकडनं फोन आला. सासू.

"अक्का, गल्लीतल्या बायका अजून विचारत्यात. कुबसा का मोडला म्हणून. एक तर ओट्यावर बसून म्हणाली, दुसरी बघा की पोराला. मी तिला ओट्यावरनं उठवली. पण मला नीट सांगता येत न्हाय वो. मी म्हशीचंच सांगत बसतो, मग पोरगी आत जाऊन रडती. तुम्ही या. समद्यांना एकदाच बसवतो. तुम्ही सांगा, असा आजार असतो म्हणून."

"तिला विचारलंत का?" मी म्हटलं. "तिचं अंग हाय. तिनं व्हय म्हटलं तरच मी तोंड उघडणार."

फोन एका हातातनं दुसऱ्या हातात गेला. बांगड्या वाजल्या.

"मीच म्हटलं अत्तींना, मावशींना बोलवा म्हणून," पोरगी म्हणाली. "मी पण बसणार हाय तिथं. तुम्ही अडला तर मी सांगतो. ऊसतोड सुरू झाली की तुमचं वडाप परत ट्रॉल्यांमागं अडकंल. त्याच्या आत या. लवकर या, मावशी."